ओव्हनची ‘सेल्फ क्लीन’ कळ दाबण्यापूर्वी

दिवाळी किंवा नाताळ जवळ आला की घरोघरी स्वयंपाकघराची साफसफाई निघते. डबे, मांडणी, एक्झॉस्ट पंख्याची पाती यांच्या जोडीला शहरी घरांत आता आणखी एक वस्तू आली आहे, ती म्हणजे मॉड्युलर किचनच्या कपाटात बसवलेला विजेचा ओव्हन. केक, नानकटाई, पिझ्झा, भाजलेली कोंबडी यांचे शिंतोडे वर्षभर झेलून त्याची आतली बाजू तपकिरी पडलेली असते. काथ्याने घासले, लिंबू चोळले, तरी तो थर हलत नाही. अशा वेळी पुढच्या पट्टीवरील ‘सेल्फ क्लीन’ या कळीकडे लक्ष जाते. यंत्र आपले आपण स्वच्छ होणार असेल तर हात कशाला दुखवायचे, असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे.

ही कळ दाबल्यावर ओव्हनमध्ये पाणी फिरत नाही, साबण सुटत नाही, ब्रशही चालत नाही. आत साचलेली घाण जाळून तिची राख केली जाते. प्लायवूडच्या कपाटांमध्ये बसवलेल्या पेटीत दोन-तीन तास चालणारे हे ज्वलन असते. ते नियंत्रित असते, यंत्र त्यासाठी खास बांधलेले असते आणि सूचना पाळल्या तर ते सुरक्षितपणे पारही पडते. तथापि ‘क्लीन’ या शब्दाने जे सौम्य चित्र डोळ्यांपुढे उभे राहते त्याच्याशी या प्रक्रियेचे फारसे नाते नाही. ती समजून न घेता वापरली तर धुराने घर भरणे, पाळलेला पक्षी दगावणे किंवा ऐन सणात ओव्हन बंद पडणे, यांपैकी काहीही घडू शकते.

एकाच नावाखाली तीन पद्धती

पहिला गोंधळ नावातच आहे. दुकानातील माहितीपत्रकांत ‘सेल्फ क्लीन’ हा शब्द सैलपणे वापरला जातो आणि त्याच्या पोटात तीन अगदी वेगळ्या पद्धती सामावलेल्या असतात.

त्यांतली सर्वांत साधी वाफेची. ओव्हनच्या तळातील खोलगट भागात थोडे पाणी ओतून अर्धा तास मंद उष्णता दिली जाते. तयार झालेल्या वाफेने ताजे डाग सैल होतात आणि नंतर ते फडक्याने पुसून घ्यावे लागतात. भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये ‘स्टीम क्लीन’ म्हणून जी सोय असते ती हीच. तिच्यात धोका जवळजवळ नाही, पण महिनोन्‌महिने भाजला गेलेला थर तिच्याने निघत नाही.

दुसरी पद्धत उत्प्रेरक पत्र्यांची. ओव्हनच्या बाजूच्या आणि मागच्या भिंतींवर खरबरीत, सच्छिद्र लेप दिलेले पत्रे बसवलेले असतात. या लेपातील धातूंच्या ऑक्साइडमुळे त्यावर उडालेले तेल नेहमीच्या स्वयंपाकाच्या उष्णतेत, म्हणजे २०० अंश सेल्सिअसच्या वर, हळूहळू जळून जाते. वेगळे काही करावे लागत नाही. मात्र तळ, छत आणि दाराची काच यांना हे संरक्षण मिळत नाही, साखरेचे डाग या लेपाला झेपत नाहीत, आणि एखाद्या नीटनेटक्या गृहस्थाने हे पत्रे साबण लावून घासून काढले की त्यांची छिद्रे बुजतात. मग ते पत्रे नुसते पत्रेच उरतात.

तिसरी पद्धत औष्णिक अपघटनाची, म्हणजे पायरोलिटिक. खऱ्या अर्थाने ‘सेल्फ क्लीन’ हे नाव तिलाच शोभते आणि या लेखाचा मुख्य विषयही तीच आहे. आपल्या घरी यांपैकी कोणती पद्धत आहे हे ओळखण्याची सोपी खूण दाराची. स्वच्छतेचे आवर्तन सुरू होताच दार आपोआप कुलूपबंद होते आणि ओव्हन थंड होईपर्यंत उघडत नाही, असे माहितीपुस्तिकेत लिहिले असेल तर तो ओव्हन पायरोलिटिक समजावा. टेबलावर ठेवण्याच्या ओटीजीमध्ये, म्हणजे ओव्हन-टोस्टर-ग्रिलमध्ये, ही सोय नसते. त्याची रचना साधारण २५० अंशांपर्यंतच्या उष्णतेसाठी केलेली असते. रिकामा ओटीजी पूर्ण उष्णतेवर तासभर चालवून ‘घाण जाळण्याचा’ प्रयोग काही घरांत होतो. त्यातून धूर निघतो, वास सुटतो आणि घाण आणखी पक्की बसते, याखेरीज काही साधत नाही.

थर कसा बसतो आणि कसा निघतो

घाण पक्की का बसते, याचे उत्तर तेलाच्या रसायनात आहे. तेल तापले आणि हवेतील प्राणवायूशी त्याचा संयोग झाला की त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन लांबच लांब जाळे तयार होते. जवसाचे तेल रंगकामात वापरतात ते याच गुणासाठी. ते सुकत नाही, घट्ट होते आणि वार्निशासारखा कडक पापुद्रा धरते. करडई आणि सूर्यफुलाच्या तेलांतही ही प्रवृत्ती बऱ्यापैकी असते, तर खोबरेल तेलात ती फार कमी. लोखंडी तव्यावर तेल लावून तो वारंवार तापवला की जो काळा तुळतुळीत थर चढतो, तोही हाच. तव्यावर तो गृहिणीला हवा असतो, ओव्हनच्या भिंतीवर नको असतो, एवढाच फरक. एकदा असे जाळे विणले गेले की ते पाण्यात विरघळत नाही आणि साध्या साबणालाही दाद देत नाही.

हलवायाची भट्टी ज्यांनी पाहिली आहे त्यांना या थराचा जुना उपाय ठाऊक असेल. बाहेरून काळ्या थरांनी जाड झालेली लोखंडी कढई रिकामी करून धगधगत्या भट्टीवर पालथी ठेवतात. थर आधी धुमसतो, मग पेट घेतो आणि शेवटी खपल्या होऊन झडतो. पायरोलिटिक ओव्हन हेच काम बंद दाराआड आणि ज्वाळा उठू न देता करतो.

त्यासाठी आतले तापमान सुमारे ४३० ते ५०० अंश सेल्सिअसपर्यंत नेले जाते. हा आकडा किती मोठा आहे याची कल्पना तुलनेनेच येईल. केक १८० अंशांवर भाजला जातो. शिसे ३२७ अंशांना वितळते, जस्त सुमारे ४२० अंशांना. म्हणजे जस्ताचा एखादा तुकडा या ओव्हनमध्ये विसरला तर त्याचे पाणी होईल. ढाब्यावरचा तंदूर पूर्ण पेटलेला असताना जेवढा तापतो त्याच्या आसपासची ही धग आहे आणि ती घरातल्या ओट्याखाली दोन-तीन तास टिकवून धरली जाते.

एवढ्या उष्णतेत आधी थरातील बाष्पनशील भाग धुरासारखा सुटतो. मागे उरलेला कार्बन मग प्राणवायूच्या साहाय्याने सावकाश जळतो आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. जळू न शकणारे क्षार तेवढे करड्या भुकटीच्या रूपाने तळाशी राहतात. आत हवा मुद्दाम बेताचीच येऊ दिली जाते, कारण ती मुबलक मिळाली तर धुमसणाऱ्या तेलाला पेटायला वेळ लागणार नाही. बाहेर जाण्याच्या मार्गावर बऱ्याच ओव्हनमध्ये उत्प्रेरकाचा लेप दिलेली जाळी असते, ती धुराचा बराचसा भाग जाळून टाकते. सगळे आटोपून ओव्हन थंड झाला की ओल्या फडक्याने ती मूठभर राख पुसून घ्यायची, इतकेच काम माणसासाठी शिल्लक राहते.

आतल्या भिंती ही धग सोसतात त्या एनॅमलमुळे. पोलादी पत्र्यावर काचेची भुकटी पसरून ती ८०० अंशांच्या आसपास वितळवली की हा लेप तयार होतो. जुन्या घरांतले पांढरे, निळ्या काठाचे एनॅमलचे मग आठवावेत. ओव्हनमधले एनॅमल त्याच जातीचे, पण उष्णतेने प्रसरण पावताना पोलादापासून सुटणार नाही अशा बेताने बनवलेले असते. भिंतीबाहेर उष्णतारोधक आवरण नेहमीपेक्षा जाड असते आणि दाराला तीन-चार काचा असतात. या बंदोबस्ताचा एक अनपेक्षित लाभ असा, की रोजच्या भाजणीतही पायरोलिटिक ओव्हनमधून उष्णता कमी निसटते आणि वीज थोडी वाचते.

ही कल्पना घरगुती ओव्हनमध्ये प्रत्यक्षात आणण्याचे श्रेय अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीकडे जाते. तिने १९६३ मध्ये असा ओव्हन बाजारात आणला. त्यापूर्वी तिथल्या गृहिणींना कॉस्टिक सोड्याची द्रावणे, अमोनिया आणि पोलादी काथ्या यांवर विसंबावे लागे. हातमोजे चढवून, श्वास रोखून, डोके ओव्हनमध्ये घालून करण्याचे ते काम होते. त्यापासून सुटका करणारे यंत्र लोकप्रिय झाले नसते तरच नवल. पुढे ते युरोपातही स्थिरावले आणि आता भारतात कपाटात बसवण्याच्या महागड्या ओव्हनबरोबर आले आहे.

धूर, वायू आणि पिंजऱ्यातला पक्षी

जळण्याची क्रिया कितीही बंदिस्त असली तरी तिचे वायू कुठेतरी जाणारच, आणि ते स्वयंपाकघरातच येतात. तेल जळताना ॲक्रोलिन नावाचा डोळे झोंबवणारा वायू निघतो. फोडणी करपली की ठसका लागतो त्यामागे हाही एक कारणीभूत असतो. अपुऱ्या प्राणवायूमुळे थोडा कार्बन मोनॉक्साइडही तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा त्याला अधिक घट्ट धरून ठेवते. हवेशीर स्वयंपाकघरात, बेताच्या घाणीसह चालवलेल्या आवर्तनात त्याचे प्रमाण धोकादायक पातळी गाठत नाही. पण खिडक्या बंद, वातानुकूलन चालू आणि ओव्हनच्या तळाशी तुपाचे थारोळे, असे तिन्ही योग जुळले तर गोष्ट वेगळी. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९८६ मध्ये मतदारांनी संमत केलेल्या ‘प्रस्ताव ६५’ या कायद्यान्वये आरोग्यास अपायकारक द्रव्यांबाबत ग्राहकांना सूचना देणे बंधनकारक झाले. तिथे विकल्या जाणाऱ्या ओव्हनच्या पुस्तिकांमध्ये स्वच्छतेच्या आवर्तनात कार्बन मोनॉक्साइडसारखे पदार्थ अल्प प्रमाणात बाहेर पडतात, म्हणून खिडकी उघडी ठेवावी किंवा चिमणीचा पंखा चालू ठेवावा, असा मजकूर आढळतो तो त्यामुळेच. भारतीय पुस्तिकेत तो असो वा नसो, वायू तेच असतात. अमेरिकेतील अनेक राज्यांत घरात कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र बसवणे सक्तीचे आहे. भारतात असे यंत्र क्वचितच कुणाच्या घरी असते. तेव्हा खिडकीवरच भिस्त ठेवणे आले.

दम्याचा त्रास असलेली व्यक्ती, तान्हे मूल आणि घरातील वृद्ध यांनी त्या वेळेपुरते दुसऱ्या खोलीत किंवा शक्य असल्यास बाहेर थांबावे, हे सांगायला नको. पण सर्वांत जास्त धोका असतो तो ज्याची आठवण सहसा राहत नाही त्याला, पिंजऱ्यातल्या पक्ष्याला.

बजरीगार, कॉकाटील, लव्हबर्ड असे परदेशी पक्षी आता अनेक सदनिकांच्या गॅलरीत दिसतात. पक्ष्यांची श्वसनसंस्था सस्तन प्राण्यांहून फार वेगळी असते. फुप्फुसांना जोडलेल्या वायुकोशांमुळे त्यांच्या फुप्फुसांतून हवा एकाच दिशेने अखंड वाहत राहते आणि श्वास घेताना व सोडताना, दोन्ही वेळा तिच्यातील प्राणवायू शोषला जातो. उडण्यासाठी लागणारी प्रचंड ऊर्जा या रचनेमुळे मिळते. तीच रचना विषारी वायूही तितक्याच तत्परतेने शोषते. ब्रिटनमधील कोळशाच्या खाणींत विषारी वायूची चाहूल लागावी म्हणून कॅनरी पक्षी सोबत नेण्याची पद्धत १९८६ पर्यंत होती, ती याच कारणाने.

ओव्हनच्या बाबतीत मुख्य संशयित असतो पीटीएफई, म्हणजे नॉनस्टिक भांड्यांवरचा परिचित लेप. २६० अंशांपर्यंत तो शांत असतो. त्यापुढे तो बिघडू लागतो आणि ३५० अंश ओलांडल्यावर त्याचे विघटन वेगाने होऊन अतिसूक्ष्म कण व विषारी वायू सुटतात. माणसाला त्यामुळे काही तासांनी फ्लूसारखा ताप, थंडी आणि अंगदुखी होते, तो बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो. पक्षी मात्र काही मिनिटांत दगावू शकतो. आत विसरलेला नॉनस्टिक ट्रे किंवा तसाच लेप असलेला ओव्हनचा एखादा सुटा भाग त्याला पुरेसा असतो. म्हणूनच ओव्हन उत्पादकांच्या पुस्तिकांमध्ये पक्ष्यांना दुसऱ्या हवेशीर खोलीत हलवावे, अशी स्पष्ट सूचना असते. बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर एकत्र असलेल्या आजच्या सदनिकांत ‘दुसरी खोली’ पुरेशी दूर असतेच असे नाही. पिंजरा शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवणे अधिक शहाणपणाचे.

नवा ओव्हन पहिल्यांदाच या आवर्तनाला लावला जातो तेव्हा वास आणि धूर अधिक असतो. कारखान्यात लावलेली तेले आणि उष्णतारोधक आवरणातील बंधकद्रव्ये तेव्हा जळत असतात. त्या दिवशी पाहुण्यांना बोलावू नये.

आधीची तयारी

‘सेल्फ क्लीन’ या नावाला खोटे पाडणारी गोष्ट अशी, की आवर्तनाच्या आधी ओव्हन हाताने पुसावा लागतो. तळाशी सांडलेले तेल-तूप, चीजचे गोळे, करपलेल्या सारणाचे तुकडे हे सर्व काढून टाकले पाहिजे. पातळ थर धुमसून जातो, पण थारोळे पेट घेते. दह्यात मुरवलेल्या कोंबडीचा रस, टोमॅटो, चिंच, लिंबू यांचे आम्ल आणि साखरेचा पाक यांनी एनॅमलवर कायमचे डाग पडू शकतात, म्हणून तेही आधीच पुसून घ्यावेत.

त्यानंतर आतली प्रत्येक सुटी वस्तू बाहेर. ट्रे, थर्मामीटर, पिझ्झाचा दगड, तळाशी अंथरलेला ॲल्युमिनियम फॉइल, सगळे. फॉइलबाबत विशेष सावध राहावे. या तापमानाला तो तळाच्या एनॅमलला असा चिकटतो की पुन्हा सुटत नाही. जाळ्यांचा प्रश्न थोडा वेगळा. क्रोमचा मुलामा असलेल्या चकचकीत जाळ्या आत राहिल्या तर निळसर-करड्या पडतात आणि खाचांतून सरकेनाशा होतात. एनॅमलच्या काळ्या जाळ्या काही उत्पादक आत ठेवू देतात. शंका असेल तर बाहेर काढून रात्रभर साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवणे बरे.

परदेशातील मराठी घरांसाठी इथे एक खास इशारा आवश्यक आहे. अमेरिकेत भाड्याच्या घरातही शेगडीखाली मोठा ओव्हन आयताच मिळतो आणि बऱ्याच भारतीय कुटुंबांत त्याचा उपयोग कढया, तवे, इडलीपात्र आणि कुकरची झाकणे ठेवण्याचे कपाट म्हणून होतो. घर सोडताना अनामत रक्कम कापली जाऊ नये म्हणून घाईने स्वच्छतेची कळ दाबली जाते आणि आत मागच्या बाजूला एखादे नॉनस्टिक भांडे किंवा प्लास्टिकच्या मुठीचे झाकण राहून गेलेले असते. दार मग कुलूपबंद झालेले असते.

बाजारात मिळणारा ओव्हन क्लीनरचा फवारा पायरोलिटिक ओव्हनच्या आत वापरू नये. त्यात बहुधा कॉस्टिक सोडा असतो. त्याचा अंश मागे राहिला तर एवढ्या उष्णतेत तो एनॅमल खातो आणि त्याची वाफही घातक असते. दाराभोवतीची विणलेली काचतंतूंची पट्टी घासू नये, भिजवू नये. ती उसवली किंवा दबली तर उष्णता नेमकी तिथून बाहेर पडते आणि वरच्या नियंत्रण पट्टीला भाजते. उलट दाराच्या कडेचा पट्टीबाहेरचा भाग पुरेसा तापत नाही, म्हणून तो हातानेच पुसावा लागतो.

आवर्तन चालू असताना घराबाहेर जाऊ नये आणि रात्री ते लावून झोपूही नये. दाराची बाहेरची काचही चटका बसेल इतकी तापू शकते, तेव्हा रांगत्या मुलाला तिथे फिरकू देऊ नये. काचेतून आत ज्वाळा दिसल्या तर दार उघडण्याची धडपड अजिबात करू नये. ओव्हन बंद करावा, भिंतीवरचा मुख्य स्विच बंद करावा आणि दार मिटलेलेच राहू द्यावे. आतला प्राणवायू संपला की आग विझते. दार उघडल्यास ताजी हवा मिळून ज्वाळा तोंडावर येतात. धूर थांबत नसेल किंवा आग बाहेर येते आहे असे वाटले तर घरातील सर्वांनी बाहेर पडून अग्निशमन दलाला १०१ किंवा ११२ वर कळवावे.

सणाच्या तोंडावर नको

ओव्हन दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांचे या आवर्तनाविषयीचे मत उत्पादकांइतके उत्साही नसते, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. ओव्हनच्या आतल्या पेटीसाठी ५०० अंश ही नेहमीची गोष्ट असली तरी तिच्या वर काही सेंटीमीटरवर बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक पट्टिकेसाठी ती नाही. या पट्टिकेला थंड ठेवण्याचे काम एक छोटा पंखा करतो. तो मंदावला असेल, त्यात धूळ अडकली असेल किंवा कपाटामागे हवा खेळायला जागाच सोडलेली नसेल, तर उष्णता तुंबते. मग सुरक्षेसाठी बसवलेला औष्णिक फ्यूज उडतो आणि ओव्हन संपूर्ण बंद पडतो. फ्यूज स्वतः स्वस्त असतो, पण तो बदलण्यासाठी ओव्हन कपाटातून बाहेर ओढावा लागतो आणि अधिकृत तंत्रज्ञाची वाट पाहावी लागते. मोठ्या शहरांत ती दोन-चार दिवसांची, लहान गावांत बरीच अधिक. कधी दाराचे स्वयंचलित कुलूपच अडकून बसते.

यावरून स्वच्छतेचा मुहूर्त सणाच्या आदल्या दिवशी धरू नये, हे उघड आहे. नाताळासाठी केकच्या मागण्या घेणाऱ्या वसईतील, गोव्यातील किंवा बेळगावातील घरगुती व्यावसायिकाला तर एका बंद पडलेल्या ओव्हनची किंमत संपूर्ण हंगामाच्या उत्पन्नात मोजावी लागेल. सण संपल्यावर, कामाचा ताण ओसरल्यावर हे आवर्तन लावणे अधिक सोयीचे.

भारतातील विजेची स्थितीही लक्षात घ्यायला हवी. कपाटात बसवण्याचे बहुतेक ओव्हन तीन ते साडेतीन किलोवॉटच्या आसपास वीज ओढतात. २३० व्होल्ट आणि १६ अँपिअरचा सॉकेट जास्तीत जास्त ३,६८० वॉट पुरवू शकतो. म्हणजे तो जवळजवळ पूर्ण क्षमतेने कित्येक मिनिटे सलग राबणार. स्वतंत्र जोडणी, पुरेशा जाडीची तार आणि भक्कम अर्थिंग नसेल, किंवा ओव्हन एक्स्टेन्शन बोर्डावर चालत असेल, तर हे आवर्तन लावूच नये. मध्येच वीज गेली तर दार ओव्हन थंड होईपर्यंत उघडत नाही, ही चांगली गोष्ट. पण थंड करणारा पंखाही त्याच क्षणी थांबतो आणि आतली सगळी धग वरच्या पट्टिकेकडे सरकते, ही वाईट. घरातला साधा इन्व्हर्टर हा भार पेलू शकत नाही. ज्या भागात भारनियमन आहे किंवा वादळी पावसाचे दिवस आहेत, तिथे वेळ पाहूनच कळ दाबावी.

खर्च मात्र वाटतो तेवढा नाही. एका आवर्तनाला ओव्हनच्या आकारानुसार आणि कालावधीनुसार साधारण ३ ते ६ युनिट वीज लागते. युनिटचा दर ८ रुपये धरला तर ही रक्कम २५ ते ५० रुपयांच्या घरात जाते. वर्षातून तीन-चार वेळा हा खर्च कुणालाही जड नाही. अनेक ओव्हनमध्ये कमी-जास्त कालावधीचे पर्याय असतात. त्यांतला सर्वांत छोटा पर्याय निवडून, थर जाड होण्याआधीच आवर्तन लावले तर धूरही कमी निघतो आणि यंत्रालाही सुसह्य होते. ओव्हन वर्षानुवर्षे तसाच ठेवून मग एकदाच प्रदीर्घ आवर्तन लावणे हा वापराचा सर्वांत वाईट प्रकार होय.

ज्यांच्याकडे ही सोय नाही, किंवा असूनही जे ती वापरू इच्छित नाहीत, त्यांच्यासाठी खाण्याचा सोडा आहेच. सोडा आणि पाणी यांची दाटसर पेस्ट थंड ओव्हनच्या भिंतींवर लावून रात्रभर ठेवली की सौम्य अल्कली चरबीच्या काही भागाचे साबणात रूपांतर करते. सकाळी ओल्या फडक्याने ती दोन-तीनदा पुसून घ्यावी. ओटीजीच्या बाबतीत प्लग काढून ठेवावा आणि तापणाऱ्या कांड्यांना पेस्ट लागू देऊ नये. उत्प्रेरक पत्र्यांना सोडाही लावू नये. मायक्रोवेव्हसाठी वाडगाभर पाण्यात लिंबाच्या फोडी घालून ते पाच मिनिटे उकळवणे आणि वाफ जिरल्यावर आत फडके फिरवणे पुरते. वीसेक मिनिटांचे हाताचे काम त्यात जाते, पण खिडक्या उघडाव्या लागत नाहीत आणि पिंजराही हलवावा लागत नाही.

पायरोलिटिक आवर्तन संपले की घड्याळाकडे पाहून दार उघडण्याची घाई करू नये. आतले तापमान साधारणपणे ३०० अंशांच्या खाली आले की कुलूप सुटते, पण ३०० अंशांचा पत्राही हात भाजून काढण्यास पुरेसा असतो. आणखी तासभर थांबून मग राख पुसावी. ती कोरड्या फडक्याने झटकली तर घरभर उडते, ओल्या फडक्याने टिपली तर एका हातात येते. बाहेर काढलेल्या जाळ्यांच्या कडांना तेलाचा किंचित हात फिरवला की त्या पुन्हा सहज सरकू लागतात.